हिशेबाच्या व्यवसायातले येऊ घातलेले बदल: तयारी यंत्रांच्या यादीने करायची की कामाच्या तुकड्यांनी?

रोजकीर्द (धागाकर्ता)

"एआयमुळे अकाउंटंट संपणार" आणि "सही शेवटी माणसाचीच लागते, काही फरक पडत नाही" या दोन टोकांवर भरपूर बोलून झालंय. दोन्हीतून हाताला काही लागत नाही, कारण दोन्हीकडचे लोक 'व्यवसाय' हा एकच गठ्ठा धरून बोलतात. प्रत्यक्षात त्यातली कामं एकेक करून जातात. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात तीन वह्या सांगितल्या आहेत: कच्ची टिपणवही, रोजकीर्द (व्यवहार तारीखवार लिहायची वही) आणि खतावणी (तेच व्यवहार खात्यागणिक वाटून लिहायची वही). छापील बिलं आली तशी टिपणवही गेली. संगणक आला तसं रोजकीर्दीतून खतावणीत उतरवण्याचं काम गेलं. दुहेरी नोंद (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना लिहिणं) मात्र जागची हललेली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की कुठलंही सॉफ्टवेअर बघण्याआधी किमान चार आठवडे कामाची नोंद ठेवा. १५ मिनिटांचा एक तुकडा, आणि प्रत्येक तुकड्यासमोर पाच गोष्टी: काम कोणतं, माहिती कोणत्या रूपात आली (कागद, स्कॅन, पीडीएफ की रकाने पाडलेली फाइल), निर्णय नियमाने झाला की अंदाजाने, चूक झाली तर ती कुठे आणि किती दिवसांनी सापडेल, आणि ते काम परत करावं लागलं का. महिना चारच आठवड्यांचा धरून नोंद थांबवू नका, एक तरी मासिक क्लोजिंग (महिनाअखेरीस हिशेब पुरे करून बंद करणं) त्यात पूर्ण यायला हवं. नाहीतर शेवटच्या तीन दिवसांतली धावपळ नोंदीतून निसटते आणि सगळं चित्र गुळगुळीत दिसतं.

आता कामांचे ढीग करा. माहिती रकान्यांत येते आणि निर्णय नियमाने होतो, हा पहिला ढीग. तो जाणार, आणि लवकर जाणार. माहिती विस्कळीत पण निर्णय नियमाने, हा दुसरा. तो अर्धा जाईल, पण रखडत. निर्णयच अंदाजाचा (बुडीत येण्यांची तरतूद, माल विकून हाती येईल ती किंमत, मालमत्तेचं आयुष्य, व्यवसाय पुढे चालू राहील का) तो तिसरा ढीग राहणार, उलट वाढणार. आपापल्या कचेरीतले किती तास कोणत्या ढिगात पडतात, हे आकड्यात सांगता येत नसेल तर भविष्याची योजना म्हणजे निव्वळ गप्पा.

तुमच्याकडे ही विभागणी कशी करता, आणि पुढची पायरी काय?

तेरीज

विभागणी पटली, पण तुमच्या पहिल्या ढिगात एक सापळा आहे. तास वाचतात त्याचा हिशेब लोक फार भाबडेपणाने करतात.

समजा महिन्याला १,००० खरेदी बिलं आहेत, एकाला ३ मिनिटं. म्हणजे ५० तास. सॉफ्टवेअरचा विक्रेता सांगतो की ८५ टक्के बिलं हात न लावता जातील. ऐकणारा ४२ तास वाचले म्हणून खूश. पण उरलेली १५० बिलं ही सगळ्यात किचकट १५० असतात, त्यांना ३ मिनिटं पुरत नाहीत. एकाला १२ मिनिटं धरली तर ३० तास झाले. बचत २० तासांची, ४२ची नाही. आणि हे ३० तास नवशिक्याच्या हातचे नाहीत, तिथे जाणता माणूस बसवावा लागतो.

हे अपवाद येतात कुठून? जवळजवळ सगळे मास्टर डेटातून, म्हणजे पुरवठादार, माल, एककं यांच्या कायमच्या याद्यांतून. एकच पुरवठादार तीन नावांनी उघडलेला. ऑर्डर डझनात, माल आत आला नगांत, बिल पेटीत. भाडं ऑर्डरमध्ये नाही आणि बिलात आहे. ऑर्डर क्रमांक बिलावर लिहिलेलाच नाही. ऑर्डर, आवक पावती आणि बिल यांची तिहेरी जुळणी इथेच अडते. यंत्र आणण्याआधी पुरवठादारांची यादी घ्या, कर नोंदणी क्रमांक आणि बँक खातं या दोन रकान्यांवर दुबार शोधा. नावावर शोधू नका, 'आणि कंपनी' आणि '& कं.' कधीच जुळत नाहीत. १८ महिन्यांत एकही व्यवहार नसलेली खाती बंद करून ठेवा, काढून टाकू नका, जुन्या नोंदी त्यांना टांगलेल्या असतात. मग मोजमापाची एककं. मग जुळणीतली सूट ठरवा, आणि ती टक्के व रक्कम अशी दोन्ही असू द्या, जे कमी ते लागू. नुसती २ टक्के सूट ठेवली तर मोठ्या बिलात मोठा फरक बिनबोभाट निघून जातो.

पाचचा_गठ्ठा

तेरीज यांना +१. एक भर: बँक खात्यावर दुबार शोधताना दोन वेगळ्या पुरवठादारांचं एकच खातं सापडलं तर ती साफसफाई समजून विलीन करू नका. आधी थांबा. बनावट पुरवठादार पुष्कळदा असाच सापडतो. आणि एखादं खातं कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या खात्याशी जुळतंय का तेही लगे हात बघून घ्या.

नवी_खतावणी

माझा प्रश्न थोडा वेगळा. बिलं वाचणारी यंत्रं घेण्यात पैसे घालावेत का मुळात? बिलंच जर रकान्यांत यायला लागली तर वाचायचं काय?

खतावणी_काका

बरोबर जागी बोट ठेवलंत. स्कॅन वाचणारं तंत्र हा मधल्या काळातला पूल आहे, त्यावर घर बांधू नये. लॅटिन अमेरिकेत चिली, ब्राझील, मेक्सिको यांनी इलेक्ट्रॉनिक बीजकाची वाट आधी धरली. इटलीने १ जानेवारी २०१९ पासून देशांतर्गत व्यापारी बीजकं सरकारी यंत्रणेतूनच पाठवणं सक्तीचं केलं. युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये मंजूर केलेल्या व्हॅट सुधारणांत सीमापार व्यवहारांतल्या इलेक्ट्रॉनिक बीजकांसाठी १ जुलै २०३० ही तारीख आहे. वेग देशागणिक वेगळा, पण दिशा एकच.

यात कामाचा क्रम उलटा होतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आधी आपण नोंद करायचो, महिनाअखेरीस त्यावरून विवरणपत्र भरायचो. आता बीजक ग्राहकाकडे पोचण्याआधी किंवा त्याच वेळी कर खात्याकडे असतं. म्हणजे कर खात्याची प्रत ही मूळ आणि आपली वही ही तिच्याशी जुळवून घ्यायची गोष्ट. परिणाम असे:

चूक सहसा नुसती खोडता येत नाही. क्रेडिट नोट (आधीच्या बीजकाची रक्कम कमी किंवा रद्द करणारा कागद) काढायची आणि नवं बीजक. म्हणून दुरुस्तीचे अधिकार कोणाला, हे आधीच लिहून ठेवा. इटलीच्या पद्धतीत साच्यात नापास झालेलं बीजक निघालंच नाही असं धरतात, आणि विक्री नोंदली गेली पण बीजक नापास झालं हा फरक महिनाअखेरीपर्यंत कोणी बघितला नाही तर उत्पन्नाचा आणि कराचा आकडा दोन्हीकडे वेगळा पडतो. रोज सकाळी नापास यादी बघणं हे एक नवं काम कोणाच्या तरी नावावर लिहावं लागेल.

दुसरं, आपण घेतलेली खरेदीवरच्या कराची वजावट आणि पुरवठादाराने दाखवलेली विक्री यांतला फरक समजावणं. विवरणपत्र भरण्याचे तास आटतील, फरक समजावण्याचे वाढतील. ज्यांची फी प्रत्येक विवरणपत्रामागे आहे त्यांनी याचा विचार आजच करावा.

रोजकीर्द

काका, मग वाचणारं यंत्र घ्यायचंच नाही?

खतावणी_काका

घ्या, पण दीर्घ मुदतीचा करार करू नका. पानामागे पैसे घेणारं घ्या, वर्षाचं परवाना पॅकेज नको. आणि दर तिमाहीला एक आकडा लिहून ठेवा: एकूण बिलांपैकी रकान्यांत आलेली किती टक्के. तो आकडा ६० ओलांडला की वाचणाऱ्या यंत्रावरचा आणि नोंदीसाठीच्या भरतीवरचा खर्च थांबवायचा. ६० हा काही वेदवाक्य नाही, आपापल्या कामानुसार ठरवा. पण आधी ठरवा. आकडा समोर आल्यावर मर्यादा ठरवायला बसलात की ती नेहमी पुढे सरकते.

ताळा_करून_बघा

एआय साधनांबद्दल कोणीच तपशिलात बोलत नाहीये, तर लिहितो. भाषेवर चालणारी ही मॉडेलं तीन प्रकारे चुकतात आणि प्रत्येकाला उतारा वेगळा.

पहिला प्रकार वाचनातल्या चुका. १ आणि ७, ३ आणि ८, दशांश चिन्ह की हजाराचा स्वल्पविराम, ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च. उतारा यांत्रिक आहे: ओळींची बेरीज अधिक कर बरोबर एकूण, हा ताळा साध्या सूत्राने घ्या. तोच मॉडेलला घ्यायला सांगू नका. तारखेला 'बिलाची तारीख ऑर्डरच्या आधीची नको आणि आजच्या पुढची नको' एवढी चौकट पुरते.

दुसरा प्रकार पटणारी चूक. खात्याचं वर्गीकरण चुकतं पण वाचायला इतकं सयुक्तिक असतं की डोळा अडखळत नाही. यंत्राची मोठी दुरुस्ती आणि यंत्राचं आयुष्य वाढवणारं काम, यांतला फरक बिलाच्या मजकुरात नसतोच. तिथे मॉडेल अंदाज मारतं. ज्या खात्यांत चूक झाली तर नफा हलतो, तिथे सूचना घ्या पण नोंद माणसानेच करायची असा नियम ठेवा. सुचवणाऱ्याकडे पोस्ट करण्याचा अधिकार नको. माणसांना लावतो ती अधिकारांची विभागणी यंत्रालाही लागू.

तिसरा, बनावट आधार. लेखामानकाचा (हिशेब कसे मांडायचे याच्या ठरलेल्या नियमांचा) परिच्छेद क्रमांक विचारला की खणखणीत क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकाखाली मूळ मानकात दुसरंच काही असतं. मूळ पान उघडून बघितल्याशिवाय एकही संदर्भ कार्यपत्रात जाता कामा नये.

विकत घेण्याआधी चाचणी अशी घ्या. ज्यांची बरोबर नोंद माहीत आहे असे २०० जुने कागद निवडा, त्यात मुद्दाम वाईट स्कॅन, क्रेडिट नोटा, परकी चलनं घ्या. रकान्यागणिक चुका मोजा. 'एकूण अचूकता ९७ टक्के' या वाक्याला अर्थ नाही. तारखा सगळ्या बरोबर आणि कराची रक्कम दहात एकदा चूक, असंही त्यात दडलेलं असू शकतं. आणि २०० मध्ये शून्य चुका सापडल्या म्हणून शून्य समजू नका. संख्याशास्त्रातला साधा नियम आहे: शून्य चुका असल्या तर ९५ टक्के खात्रीने सांगता येणारी वरची मर्यादा साधारण ३ भागिले नमुना. म्हणजे ३ भागिले २००, दीड टक्का. वर्षाला १२,००० कागद असले तर १८० पर्यंत चुका या चाचणीशी सुसंगतच आहेत. तुम्हाला त्या परवडतात का, हा खरा प्रश्न.

मॉडेलची आवृत्ती बदलली की तेच २०० कागद परत चालवा. मॉडेल पुरवणारी कंपनी बदल कळवेलच असं नाही, म्हणून तिमाहीला एकदा तरी. आणि प्रत्येक नोंदीमागे काय दिलं, काय आलं, कोणती आवृत्ती, कोणी मंजूर केलं, हे चार रकाने जपून ठेवा. उद्या लेखापरीक्षक विचारेल तेव्हा "सिस्टिमने केलं" हे उत्तर चालत नाही.

शिल्लक_बाकी

ताळा यांचं सगळं मान्य, पण 'माणूस मंजूर करतो' यावर फार भिस्त आहे. इथेच घोडं पेंड खातं. सलग ९५ सूचना बरोबर आल्या की शहाण्णवावी कोणी वाचत नाही. बोट आपोआप बटणावर जातं.

चाचणीच्या वहीत, खऱ्या वहीत नव्हे, दर १०० सूचनांत ५ चुका मुद्दाम पेरायच्या आणि त्यांतल्या किती पकडल्या ते मोजायचं. मंजुरी देणाऱ्याला कुठे पेरल्यात ते सांगायचं नाही. ५ पैकी ४ पेक्षा कमी सापडल्या तर मंजुरीची पद्धत बदला, माणसाला दोष देऊ नका: एका बैठकीत ४० पेक्षा जास्त मंजुऱ्या नकोत, मोठ्या रकमा आधी, आणि सूचना लपवून आधी स्वतःचं खातं निवडायला लावायचं. शेवटची युक्ती वेळखाऊ आहे, पण डोळे उघडे ठेवते. ती सगळ्यांना नको, दहात एकाला पुरे.

धाकटी_पाती

हे सगळं जाणत्यांसाठी झालं. नवीन येणाऱ्यांचं काय? नोंदी करता करता शिकायचं, ही या व्यवसायातली शाळा होती. शाळाच बंद झाली तर दहा वर्षांनी तुमच्या तिसऱ्या ढिगातले निर्णय घेणार कोण?

रोजकीर्द

ताई, हा या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे.

काम म्हणून नोंदी गेल्या तरी सराव म्हणून ठेवाव्या लागतील. पहिल्या दोन-तीन महिन्यांत एका छोट्या संस्थेचं पूर्ण वर्ष हाताने लिहून काढायचं: बँकेचं विवरण आणि बिलांचा गठ्ठा यांपासून सुरुवात, रोजकीर्द, खतावणी, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलका मांडून दोन्ही बाजू जुळतात का ते बघणं), समायोजन नोंदी, ताळेबंद. सॉफ्टवेअर नाही. उत्तर आधीच तयार असलेलं वर्ष द्या म्हणजे ताडून बघता येतं. त्यात पाच दोष मुद्दाम ठेवा: पुढच्या वर्षाचा खर्च या वर्षात, वटलेला पण न नोंदलेला धनादेश, आगाऊ रक्कम उत्पन्नात, घसारा अर्ध्या वर्षाचा लागायचा तिथे पूर्ण, आणि एकमेकांना झाकणाऱ्या दोन चुका. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, हा भ्रम या शेवटच्या दोषाने जातो.

त्यानंतर थेट अपवादांच्या रांगेवर बसवा. तेरीज यांनी वर सांगितलेली ती १५० बिलं आहेत ना, तीच नवी शाळा. अट एकच, सुटलेल्या प्रत्येक अपवादाला एका ओळीत कारण लिहायचं आणि आठवड्यातून एक तास जाणत्या माणसासमोर ती कारणं वाचायची. त्या एका तासाची फी कोणी देत नाही, हे खरं. तो कचेरीचा खर्च धरायचा.

जोड_वजा

अर्धं उत्तर पुरं करायला थोडी भर. नव्यांना डेटा हाताळता यायला हवा हे सगळे म्हणतात, नेमकं काय ते कोणी सांगत नाही. प्रोग्रॅमिंग लागत नाही. चार गोष्टी लागतात: कोष्टकं जोडणं, गट करून बेरजा, रकान्याचा प्रकार ओळखणं, आणि प्रत्येक पायरीला ताळा.

बहुतेक घोळ जोडण्यात होतात. विक्रीच्या १०,००० ओळी ग्राहक यादीला जोडल्या आणि यादीत काही ग्राहक दोनदा असले, तर जोडल्यावर ओळी १०,३०० होतात आणि विक्रीचा आकडा फुगतो. एरर येत नाही. म्हणून जोडण्याआधी आणि नंतर ओळींची संख्या व रकमेची बेरीज, दोन्ही लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून. दुसरा घोळ खाते क्रमांकाचा: ००४५१२ असा क्रमांक संख्या म्हणून आला की सुरुवातीची शून्यं गळतात आणि ४५१२ दुसऱ्याच कोणाशी जुळतो. १५ पेक्षा जास्त अंकांचे क्रमांक एक्सेलमध्ये संख्या म्हणून उघडले तर पंधराव्यानंतरचे अंक शून्य होतात, आणि फाइल जतन केली की मूळ परत मिळत नाही. आयात करताना रकाना 'मजकूर' ठेवा.

बेनफर्डचा नियम (खऱ्या आकड्यांत पहिला अंक कोणता किती वेळा येतो ते सांगणारा, बनावट आकडे हुडकायला वापरतात तो) पण शिकवा, पण मर्यादेसकट. पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे ३०.१ टक्के, ९ असण्याचं ४.६. पण जिथे वरून मर्यादा घातलेली आहे (भत्ते, ठरावीक दराची फी) तिथे तो लावला की सगळंच संशयास्पद दिसतं.

देणी_घेणी

फीचा मुद्दा काकांनी नुसता शिवून सोडला. तासावर बिल करणाऱ्याला यंत्राने शिक्षा होते, हे साधं गणित आहे. १०० तासांचं काम ६० वर आलं की उत्पन्न ४० टक्क्यांनी गेलं, आणि वर साधनाचा खर्च आणि जाणत्या माणसाचे तास वाढले.

ठोक फी हा उपाय सगळे सांगतात, पण व्याप्ती न लिहिता ठोक फी ठरवली तर रोगापेक्षा इलाज जड. करारात मोजता येईल असं लिहा: महिन्याला इतके व्यवहार, इतकी बँक खाती, कागद महिन्याच्या ५ तारखेपर्यंत रकान्यांच्या फाइलमध्ये, एक फेरी प्रश्नोत्तरं. त्यापलीकडे गेलं की वेगळा दर, आणि तो काम सुरू करण्याआधी कळवायचा, नंतर नव्हे. तासांची नोंद मात्र बंद करू नका. बिलासाठी नको असली तरी कोणता ग्राहक तोट्यात चाललाय हे त्याशिवाय कळत नाही.

आणखी एक: लेखापरीक्षणाची फी आणि सल्ल्याची फी एकाच ग्राहकाकडून घेण्याचा मोह होईल, कारण नोंदी गेल्या की सल्ल्याचं काम गोड वाटतं. स्वतंत्रतेचे नियम (परीक्षक ग्राहकाच्या हितसंबंधांत अडकलेला नसावा हे) तिथे आड येतात आणि यायलाच हवेत. कोणत्या ग्राहकाला आपण परीक्षक राहायचं आणि कोणाला सल्लागार, ही यादी आताच वेगळी करा.

ताळेबंद_रात्री

तंत्रज्ञानाच्या नादात मानकांचं कॅलेंडर राहून गेलं. ज्यांचे ग्राहक आंतरराष्ट्रीय मानकांवर आहेत त्यांच्यासाठी आयएफआरएस १८ (नफा-तोटा पत्रकाची मांडणी ठरवणारं नवं आंतरराष्ट्रीय मानक) ही ठरलेल्या तारखेची गोष्ट आहे, तिला अंदाज लागत नाही. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं, १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू, आणि तुलनेचे आकडे पण नव्या पद्धतीने. म्हणजे खाती २०२६ च्या नोंदींपासून फोडता यायला हवीत.

नफा-तोटा पत्रकाचे पाच भाग होतात: परिचालन, गुंतवणूक, वित्तपुरवठा, आयकर आणि बंद केलेले व्यवसाय. परिचालन नफा ही बेरीज आता सक्तीची. करायचं काय, तर खात्यांची यादी घ्या आणि प्रत्येक खात्यासमोर भाग लिहा. ८० टक्के खाती एका दुपारी होतात. अडतात ती मिश्र खाती. 'विनिमय दरातील फरक' हे एकच खातं असतं, पण फरक ज्या बाबीतून आला तिच्याच भागात तो जायला हवा: येण्यांवरचा परिचालनात, कर्जावरचा वित्तपुरवठ्यात. 'मिळालेलं व्याज' तसंच. सामान्य कंपनीत बँकेतल्या रोख शिलकीवरचं व्याज गुंतवणुकीत जातं. ही खाती आत्ताच फोडा, वर्ष संपल्यावर मागे जाऊन हजारो ओळी वाटत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

आणि कर्जाचे करार काढून वाचा. त्यात 'परिचालन नफा' हा शब्द असला तर व्याख्या कोणती, जुनी की मानकाची? बोनसच्या करारातही तेच. व्यवस्थापन बाहेर सांगत असलेले स्वतःचे नफ्याचे आकडे आता पत्रकांच्या टिपांमध्ये, मानकातल्या आकड्याशी मेळ घालून द्यावे लागतात, म्हणजे परीक्षणाखाली येतात. हे वित्त विभागाबाहेरच्यांना वेळेत सांगितलं नाही तर ऐनवेळी भांडण ठरलेलं.

हिरवी_वही

शाश्वतता अहवालांचं (उत्सर्जन वगैरेंचा हिशेब देणाऱ्या अहवालांचं) एक वाक्य तरी यायला हवं होतं. त्यांची आंतरराष्ट्रीय मानकं, आयएफआरएस एस१ आणि एस२, जून २०२३ मध्ये आली. कोणत्या देशात कधी लागू हे त्या त्या देशावर. त्या अहवालांच्या स्वतंत्र तपासणीसाठी (अ‍ॅश्युरन्ससाठी) आयएसएसए ५००० हे मानक नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, १५ डिसेंबर २०२६ पासून सुरू होणाऱ्या कालखंडांना लागू.

हिशेबनिसांना हे परकं वाटतं, पण बघा: विजेचं बिल महिन्याच्या २० ते पुढच्या १९ असं येतं आणि अहवाल वर्षाचा. शेवटच्या ११-१२ दिवसांचे युनिट अंदाजाने घ्यायचे, म्हणजेच देय खर्चाची तरतूद, फक्त रकमेऐवजी किलोवॅट-तास. डिझेल लिटरमध्ये घेतलं आणि वापर टाकीच्या मोजपट्टीने, म्हणजे सुरुवातीचा साठा, खरेदी, अखेरचा साठा. चूक होते ती गुणकात, म्हणजे युनिट किंवा लिटरवरून उत्सर्जन काढायच्या आकड्यात. उत्सर्जनाचा गुणक गेल्या वर्षीचा लावला तर आकडा चुकतो, किलोग्रॅम आणि टन यांत गल्लत झाली तर हजारपटीने बदलतो, आणि तेरीज ओरडत नाही, कारण इथे दुहेरी नोंद नाही. म्हणून गुणकाचं कोष्टक वेगळं, त्यावर वर्ष आणि एकक, आणि बदलायचा अधिकार एकाकडेच. पुरवठा साखळीतल्या उत्सर्जनाचे १५ प्रकार आहेत. सगळे एकदम मागे लावून घेऊ नका, आधी खरेदी खात्यावरून कुठले मोठे ते काढा.

पाचचा_गठ्ठा

सगळं क्लाउडवर नेताना बाहेर पडायचा रस्ताही बघून ठेवा. विक्रेते 'डेटा एक्सपोर्ट' म्हणतात तेव्हा अनेकदा तेरीज आणि खात्यांचे उतारे मिळतात. तेवढ्यावर वही परत उभी राहत नाही. प्रत्येक नोंदीची ओळ, कोणी केली, कधी केली, नंतर काय बदललं, आणि जोडलेले कागद नोंदीच्या क्रमांकासकट, इतकं हवं. वर्षातून एकदा ते उतरवून दुसरीकडे उघडून तेरीज काढून बघा. जोडलेल्या कागदांपैकी २५ उघडून बघा, कारण नेमके तेच तुटलेले असतात.

नवी_खतावणी

एवढं सगळं वाचून धाप लागली. मालक आणि दोन मदतनीस एवढीच कचेरी असेल तर पहिल्या तीन महिन्यांत यातलं काय करावं?

रोजकीर्द

पहिले पाच आठवडे फक्त तासांची नोंद, क्लोजिंग धरून. त्याच काळात संध्याकाळी रोज अर्धा तास पुरवठादारांची यादी साफ. सहाव्या आठवड्यात ढीग मोजा आणि सगळ्यात जास्त तास खाणारं, पहिल्या ढिगातलं एकच काम निवडा. बहुधा बँक जुळणी निघेल. ते काम करणारी सोय सध्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच आहे का बघा, बऱ्याचदा असते आणि कोणी चालू केलेली नसते. मग ती दोनच ग्राहकांवर चालवा, जुनी पद्धत शेजारी चालू ठेवून. दोन्हींतला फरक रोज लिहायचा. दोन क्लोजिंग फरकाशिवाय गेली की जुनी बंद. बाकी ग्राहक मग महिन्याला तीन या वेगाने.

एआय, हरित अहवाल वगैरे या तीन महिन्यांत नको. आयएफआरएसवरचे ग्राहक असतील तर ताळेबंद_रात्री म्हणतात ते खातं फोडण्याचं काम मात्र पुढे ढकलू नका.

शिल्लक_बाकी

ताळा, एक शंका. ३ भागिले नमुना हे शून्य चुकांसाठी झालं. २०० मध्ये एक चूक सापडली तर?

ताळा_करून_बघा

मग ३ च्या जागी साधारण ४.७ घ्या. ४.७ भागिले २००, म्हणजे २.३५ टक्के. दोन सापडल्या तर ६.३. मात्र सापडलेली चूक दुरुस्त करून त्याच २०० कागदांवर परत चाचणी घेऊन 'आता शून्य' म्हणायचं नाही. त्यासाठी नवे कागद काढा.